परवाना आणि अंगठा

2021 च्या नोव्हेंबरात मी अण्णांना घेऊन बँकेत गेले होते. पेन्शन चालू ठेवायची तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो आता यंत्रावर अंगठा ठेवून देता येतो. मल्लेश्वरमच्या त्या शाखेतली मुलगी फार गोड बोलणारी होती. तिने अण्णांना खुर्ची दिली, यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. अण्णांनी अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. अंगठा रुमालाने पुसला, मग ओल्या स्पंजवर टेकवला, मग तर्जनी, मग डाव्या हाताची बोटं. यंत्राला एकही बोट ओळखता येईना. 83 वर्षांच्या माणसाच्या बोटांवर रेषा तरी किती उरणार? शेवटी तिने कागदी फॉर्म काढून दिला आणि अण्णांनी त्यावर सही केली. तीच बँकेतली लांबलचक, शेवटी खाली वळून परत मागे येणारी सही.

रिक्षात ते गप्प होते. मला वाटलं, अपमान वाटला असेल. संपिगे रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "मी एकदा एका माणसाला सही करू दिली नव्हती."

ती गोष्ट मला माहीत होती. म्हणजे मला तसं वाटत होतं.

1974 साली अण्णांची बदली कोलार गोल्ड फील्ड्सला, रॉबर्टसनपेटमध्ये झाली. आमचं मूळ गाव निपाणीकडचं. घर बंगळूरला होतं. अण्णा आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी यायचे. मी आठ वर्षांची होते. शनिवारच्या जेवणाला अण्णा आठवड्याभराच्या गमती सांगत. त्यांच्याकडे सोनेतारणाचं टेबल होतं. खाली तीन किलोमीटर खोल उतरून सोनं काढणारी माणसं महिनाअखेरीला बायकोच्या कानातलं गहाण ठेवायला यायची, बँकेचा सराफ ते कसोटीवर घासून बघायचा, काट्यावर तोलायचा, आणि अण्णा पावती करायचे. एका शनिवारी ते हसत म्हणाले होते, "आज एक अंगठेबहाद्दर सही करायला निघाला होता!" आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा. मी तेव्हा नुकतीच तिरकी सही करायला शिकत होते, म्हणून जरा जास्तच हसले होते.

रिक्षात अण्णांनी उरलेली गोष्ट सांगितली.

तो माणूस पन्नाशी ओलांडलेला, चॅम्पियन रीफचा कामगार. त्याने बायकोचे कम्मल, म्हणजे कानातल्या कुड्या, तारण ठेवायला आणल्या होत्या. अण्णांनी अर्ज भरून त्याच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं. तो म्हणाला, मी सही करतो. अण्णांनी नमुना सहीचं कार्ड काढून बघितलं, तर त्यावर अंगठा. खातं उघडताना कुणीतरी न विचारताच अंगठा घेतला होता. कार्डावर अंगठा तर अर्जावरही अंगठाच हवा, हा नियम. अण्णांनी नियम सांगितला. तो माणूस म्हणाला, "सार, माझ्या बापाने एकवीस दिवस चूल बंद ठेवली, ती अंगठा द्यायचा नाही म्हणून. मी द्यायचा?" अण्णांना काही कळलं नाही. रांग वाढत होती. ते म्हणाले, अंगठा नाही तर कर्ज नाही. त्या माणसाने थोडा वेळ कुड्यांच्या पुडीकडे बघितलं. मग शाईत अंगठा बुडवला.

"नवं कार्ड करायला पाच मिनिटं लागली असती," अण्णा म्हणाले. "फॉर्म ड्रॉवरमध्येच होता."

त्यानंतर वर्षभरात अण्णा गेले. त्या एकवीस दिवसांचं काय ते त्यांनी कधी शोधलं होतं की नाही, ते मला विचारता आलं नाही. मी शोधलं, पण फार लांबचा वळसा घेऊन.

2023 मध्ये मी मुलाकडे मेलबर्नला गेले होते. बंगळूरहून कोलार गोल्ड फील्ड्स जेवढं लांब, साधारण तेवढंच मेलबर्नहून बॅलराट. सुनेला वाटलं, आईंना सोन्याच्या खाणीचं गाव दाखवावं. तिथे युरेका नावाच्या जागी 1884 साली बांधलेलं एक दगडी स्मारक आहे. बाग नीटनेटकी, गवत कापलेलं. नात पायऱ्यांवर खेळत होती आणि मी तिथली हकिकत वाचत होते.

1851 मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. सरकारने लगेच परवाना काढला: महिन्याला 30 शिलिंग. सोनं सापडो वा न सापडो, शोधायला बसलात की भरायचे. म्हणजे हा कर सोन्यावर नव्हता, शोधण्यावर होता. ज्याला घबाड मिळालं त्याला 30 शिलिंग काहीच नव्हते. ज्याच्या खड्ड्यात नुसता चिखल निघाला त्यालाही तेवढेच. ज्यांच्याकडून कर घ्यायचा त्यांना मताचा अधिकार नाही. आणि परवाना जवळ बाळगायचा. पोलीस अचानक छापा घालून "परवाना दाखव" म्हणत. खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाने तो कागद कुठे ठेवायचा? नसला तर पकडून न्यायचे, तुरुंग नसेल तिथे झाडाला किंवा ओंडक्याला साखळीने बांधून ठेवायचे.

1853 मध्ये बेंडिगोच्या लोकांनी टोपीला लाल फीत लावून ठरवलं की दहा शिलिंगांहून जास्त भरायचे नाहीत. त्यांनी गव्हर्नरला अर्ज केला. तो अर्ज मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात जपून ठेवला आहे: कागदाला कागद जोडून केलेला, तेरा मीटरहून लांब, हिरव्या रेशमात बांधलेला, त्यावर सुमारे पाच हजार सह्या. गव्हर्नरने मागणी फेटाळली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बॅलराटच्या लोकांनी परवाने जाळले, निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असलेला झेंडा उभारला, लाकडं रचून कुंपण केलं. 3 डिसेंबर 1854 च्या रविवारी पहाटे सैन्याने त्या कुंपणावर हल्ला केला. लढाई पाव तासाची. वीसहून जास्त खाणकरी मेले, काही सैनिकही. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ज्यूरीने तेराही जणांना सोडलं. पुढच्या वर्षी परवाना गेला. त्याऐवजी वर्षाला एक पौंड भरून खाणकऱ्याला हक्कपत्र मिळू लागलं, त्यात मताचा अधिकारही आला, आणि कर बसला तो बाहेर जाणाऱ्या सोन्यावर. त्यांचा पुढारी पीटर लेलर, ज्याने त्या पहाटे हात गमावला, तो कायदेमंडळात जाऊन बसला.

हे वाचताना मला बरं वाटत होतं. अन्याय, उठाव, बलिदान, विजय आणि दगडी स्मारक. शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी गोष्ट. मग मी पुढचं वाचलं. ज्या 1855 सालात खाणकऱ्यांचा परवाना गेला, त्याच सालात चिनी माणसांवर नवा कर आला: व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यामागे दहा पौंड. परवाना रद्द करा म्हणणाऱ्या चौकशी आयोगानेच चिन्यांना आवर घाला असंही म्हटलं होतं. जहाजांचे कप्तान मग चिन्यांना शेजारच्या वसाहतीत रोब नावाच्या बंदरात उतरवू लागले. तिथून ती माणसं सोन्याच्या गावांकडे चालत गेली, चारशे किलोमीटरच्या वर. परवान्याचा अपमान भोगलेल्यांपैकी बहुतेकांना यात काही वावगं दिसलं नाही. मला एकदम शनिवारच्या जेवणातलं आमचं हसणं आठवलं. आपल्याला सही येऊ लागली की अंगठा देणाऱ्याला हसायला किती थोडा वेळ लागतो.

बंगळूरला परतल्यावर लावेल रोडवर एका मैत्रिणीकडे गेले होते. हा रस्ता मी चाळीस वर्षं तुडवला आहे. नाव कुणाचं असा विचार कधी केला नव्हता. मायकेल लावेल हा आयरिश सैनिक. न्यूझीलंडच्या युद्धात लढून इथल्या कँटोन्मेंटमध्ये येऊन राहिला. जॉन वॉरन या लेफ्टनंटने कोलारच्या मातीतल्या सोन्याबद्दल 1804 मध्ये लिहून ठेवलेला लेख त्याच्या वाचनात आला आणि 1870 च्या दशकात त्याने म्हैसूर सरकारकडून तिथे खाणीचा परवाना मिळवला. म्हणजे परवान्याची गोष्ट इथेही होती. फक्त इथला परवाना शोधणाऱ्या हजारांसाठी नव्हता, एकट्याला होता. लावेलकडे भांडवल नव्हतं. त्याचा हक्क इतरांकडे गेला आणि अखेर खाणी लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सच्या हाती आल्या. म्हैसूर संस्थानाला सोन्यावर 5 टक्के स्वामित्वशुल्क मिळे. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली ती 1902 मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून आधी खाणींना दिली. बंगळूरचे रस्ते उजळले ते 1905 मध्ये. या शहराच्या पहिल्या दिव्याआधी खाणीतला दिवा लागला होता.

बॅलराटला कॉर्नवॉलचे खाणकरी होते, कोलारलाही होते. पण इथे ते मुकादम आणि साहेब. खाली उतरणारी माणसं उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतली, बहुतेक दलित, गावातली वेठ आणि दुष्काळ मागे टाकून आलेली. त्यांना सोनं शोधायचा हक्क नव्हता, फक्त रोजगार होता. वर येताना अंगझडती. खिशात खडकाचा सोनेरी तुकडा सापडला तर चोरी.

आणि 1930 च्या एप्रिलचा तो संप. खाणींच्या व्यवस्थापनाने ठरवलं की प्रत्येक कामगाराची नोंदणी करायची आणि नोंदवहीत बोटांचे ठसे घ्यायचे. एका खाणीतून काढलेला माणूस नाव बदलून दुसऱ्या खाणीत कामाला लागू नये, हा हेतू. ठसे तर तोवर गुन्हेगारांचे घेत. तेव्हा तिथे युनियन नव्हती. तरी हजारो माणसं खाली उतरायची थांबली, आणि तीन आठवडे थांबून राहिली. शेवटी तो बेत मागे घ्यावा लागला.

हे एकवीस दिवस. त्याच महिन्यात दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, आणि पुढच्या महिन्यात आपल्या शिरोड्याला. शिरोड्याची गोष्ट मला शाळेपासून पाठ आहे. मिठावरचा कर अन्याय्य का, हे समजावून सांगायला कुणी लागत नाही: जगायला जे लागतं त्याच्यावर हात ठेवून पैसे मागायचे. पण शंभर किलोमीटरवरच्या या संपाबद्दल बंगळूरमध्ये आयुष्य काढून मला काही माहीत नव्हतं. ठशाला कुणी कर म्हणणार नाही, कारण त्यात पैसा जात नाही. पण बॅलराटचा परवाना आणि इथला ठसा, दोन्ही काम करण्याआधी द्यायचे. दोन्ही देताना माणसाने मान खाली घालायची. 30 शिलिंगांपेक्षा "परवाना दाखव" हे शब्द तिथल्या लोकांना जास्त लागले होते, असं मला स्मारकापाशी वाचताना वाटलं होतं. इथे तर नुसतं तेवढंच होतं.

2024 च्या जानेवारीत एका सकाळी मी मारिकुप्पमच्या गाडीत बसले. गाडी रिकामी होती, कारण गर्दी उलट्या दिशेला असते. 28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या, आणि तेव्हापासून तिथली माणसं रोज पहाटे बंगळूरला कामाला येतात, रात्री परततात. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर, मॉलमध्ये, हॉस्पिटलांत जे उभे असतात त्यांत त्या खाणकऱ्यांची नातवंडंही असतात. बंगारपेटला गाडी वळली, मग कोरोमंडल, उरीगाम, चॅम्पियन. खिडकीतून सायनाइडचे डोंगर दिसले. सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या मातीचे ढिगारे, सपाट माथ्याचे, पावसाने चिरा पडलेले. सव्वाशे वर्षांत इथून सुमारे 800 टन सोनं गेलं. माती इथेच राहिली.

हा मुलूख कधी शहाजीराजांच्या जहागिरीत होता. बंगळूर, होसकोटे, कोलार. आम्ही मराठी माणसं या भागात प्रथम आलो ती वसुली करायलाच, आणि पुढे चौथाईसाठी पुन्हा पुन्हा आलो. अण्णा बँकेची बॅग घेऊन याच गाडीने यायचे. खिडकीशी बसून मला उगीचच त्यांची बॅग आठवत राहिली.

इथे एक स्मारक आहे, पण ते 1930 चं नाही. 1946 मध्ये लांबलेल्या संपात, 4 नोव्हेंबरला पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मारले गेले. ते स्मारक त्या सहा जणांचं. दर वर्षी त्या तारखेला लोक तिथे फुलं वाहतात. बॅलराटसारखी आखलेली बाग किंवा तिकीट घेऊन बघायचं संग्रहालय त्याच्या वाट्याला आलेलं नाही. गोळी लागते तेव्हा स्मारक होतं, असं मनात आलं. एकवीस दिवस कुणी मेलं नाही, माणसं फक्त उपाशी राहिली आणि जिंकली. त्याचं कुठे काही उभं राहत नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीशेजारी एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. दम लागलेला, प्रत्येक श्वासाला छातीतून बारीक शीळ. खाणीतली धूळ. मी कन्नडमध्ये बोलले, ते तमिळ मिसळलेल्या कन्नडमध्ये. त्यांनी विचारलं, "सिनेमा बघून आलात का अम्मा? हल्ली सगळे सिनेमा बघूनच येतात." मी म्हटलं नाही, माझे वडील इथे बँकेत होते. आणि का कोण जाणे, मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. कार्ड, नियम, शाईचं पॅड, एकवीस दिवस. अण्णांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं, हेही सांगितलं. ते जरा जोर देऊनच सांगितलं असावं.

त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या आजोबांनी तो संप केला होता, तेव्हा घरात नाचणीची पेज एका वेळेला मिळायची, असं म्हणाले. मग स्वतःचा उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. गुळगुळीत, एका बाजूला चिरलेला. "आता घ्या म्हटलं तरी उठत नाही," म्हणाले आणि हसले. "रेशनच्या दुकानात दर वेळी भांडण."

मीही हसले. चहा आला. अर्धा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग कम्मल सोडवले का त्याने?"

"म्हणजे?"

"बायकोचे. गहाण ठेवले ना? परत मिळाले का?"

मला माहीत नव्हतं. अण्णांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. 1974 च्या जेवणात त्या गोष्टीत अंगठा होता, 2021 च्या रिक्षातही अंगठाच होता. ज्यासाठी तो अंगठा शाईत गेला त्या कुड्या आमच्यापैकी कुणालाच आठवल्या नव्हत्या. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेला बाकाखाली ठेवला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून मला उठवलं.

घरी आल्यावर आईला विचारलं. आई आता 80 वर्षांची आहे, पण तिला सगळं आठवतं. त्या माणसाचं तिला काही माहीत नव्हतं. थोडा वेळ थांबून म्हणाली, "न सोडवलेल्या दागिन्यांचा लिलाव व्हायचा. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, लिलावात छोट्या कुड्या आहेत, स्वस्तात मिळतील, घेऊ का म्हणून."

"मग?"

"मी नको म्हटलं. दुसऱ्या बाईच्या कानातलं नको म्हटलं."

"कुणाचं होतं?"

"ते कुठे विचारलं मी," आई म्हणाली.